वाफसा गेल्यावरचा जामीन



आंदोलनाच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टाबाहेर जे चित्र दिसते, ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. लिंबाच्या झाडाखाली धोतर-टोपीतली चार म्हातारी माणसे बसलेली, दोन बाया, एकीच्या कडेवर पोर. आत कुणाचा तरी मुलगा हजर केलेला. तासाभराने काळा कोट बाहेर येतो आणि सांगतो, "बेल रिजेक्ट झाली." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "वकीलसाहेब, मग आता?" उत्तरही ठरलेले असते, "आता वर जावे लागेल."

हे 'वर' म्हणजे कुठे? तिथे काय तपासतात? किती दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत रानात काय होते? उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला आपण शिकलो, तसा याही गोष्टीचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

मोर्चा तोच, कलम वेगळे

जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. रस्ता रोको केला की पोलिसांच्या गाड्या यायच्या, पोलीस मैदानात किंवा मंगल कार्यालयात नेऊन बसवायचे, नावे लिहून घ्यायचे आणि दिवस मावळताना सोडून द्यायचे. मनाई हुकूम मोडल्याचा गुन्हा बहुधा जामीनपात्र. त्यात जामीन हा हक्कच असतो. प्रसंग नेहमी इतका सौम्य राहिला असे मात्र नाही. डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर हिंगोलीजवळ सुरेगावला गोळीबार झाला आणि तीन शेतकरी हुतात्मा झाले.

आता चाल बदलली आहे. गोळी घालायची गरज उरलेली नाही. फिर्यादीत एक ओळ वाढवली की भागते : जमावाने शासकीय कर्मचाऱ्याला धक्काबुक्की केली. पूर्वीचे कलम ३५३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १३२. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे, पण गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला तरी ज्याला फार तर दोन वर्षे होतील, त्याला सिद्ध होण्याआधीच आत बसवता येते. कुणी खरोखर हात उचलला असेल तर त्याने खटल्याला सामोरे जावे, त्याबद्दल तक्रार नाही. पण फिर्यादीत नावे पाच आणि 'इतर चाळीस ते पन्नास' असतात. त्या पन्नासांत पुढे कुणाचे नाव घालायचे हे ठाण्यात बसून ठरते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, आणि मॅजिस्ट्रेटनेही डोळे मिटून कोठडी देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्णेश कुमार खटल्यात सांगून ठेवले आहे. २०२२ च्या सतेंदर अंतिल निकालात त्याच्याही पुढे जाऊन सांगितले की हा नियम मोडून अटक केली असेल तर तेवढ्या कारणावर आरोपीला जामीन मिळू शकतो. पण हा निकाल कोर्टासमोर ठेवायला कुणीतरी उभे राहावे लागते.

काळ्या रानाला पाय नसतात

जामीन का नाकारायचा याची कारणे फार नाहीत. माणूस पळून जाईल, साक्षीदारांना धमकावील किंवा पुरावा नाहीसा करील, सुटून पुन्हा तोच गुन्हा करील. आणि गुन्हा किती गंभीर, पुरावा वरवर पाहता किती बळकट, हे त्याबरोबर तोलायचे. तुरुंगात ठेवणे ही शिक्षा आहे आणि शिक्षा खटल्यानंतर द्यायची असते, आधी नाही. जामीन हा नियम, कैद हा अपवाद, असे सर्वोच्च न्यायालय १९७० च्या दशकापासून सांगत आले आहे.

आता कोरडवाहू शेतकऱ्याला हे माप लावून पाहा. तो पळून जाणार कुठे? त्याचे रान एका गट नंबरात बांधलेले आहे. दावणीला दोन बैल आहेत, सोसायटीचे कर्ज आहे, म्हातारे आईबाप आहेत. काळ्या रानाला पाय नसतात. पळून जाण्याची सोय ज्यांना आहे त्यांची गणती वेगळी. तरीही सरकारी म्हणण्यात ठरलेले वाक्य असते, 'आरोपी फरार होण्याची शक्यता आहे.' आणि हुकूम येतो, 'गुन्हा गंभीर आहे, तपास चालू आहे, सबब अर्ज नामंजूर.' दोन ओळी. पळण्याची शक्यता कशावरून, तपासातले नेमके कोणते काम त्याला आत ठेवल्याशिवाय होणार नाही, याचा शब्द नाही.

आमची खरी तक्रार या दोन ओळींबद्दल आहे. कारण पुढची सगळी वाट त्यांच्यावरून जाते.

शिडी सर्वांना, पायऱ्या काहींना

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला की सत्र न्यायालय. ते बीडला, शिवाय अंबाजोगाई-माजलगावलाही. तिथे नाकारला की उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. १९८१ साली हे खंडपीठ सुरू होण्याआधी मराठवाड्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. आता बीडहून सव्वाशे किलोमीटर, ही सुधारणाच म्हणायची. तिथेही नाकारला की दिल्ली.

एक बारकावा लक्षात ठेवा. साध्या फौजदारी गुन्ह्यात याला कायदा 'अपील' म्हणत नाही. वरच्या कोर्टात नवा अर्जच करायचा असतो आणि ते कोर्ट सगळी गोष्ट पुन्हा मुळापासून पाहू शकते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यासारख्या काही खास कायद्यांत मात्र विशेष न्यायालयाच्या जामिनाच्या हुकुमावर उच्च न्यायालयात रीतसर अपीलच करावे लागते. नाव काहीही असो, वरच्या कोर्टाचे काम एकच : खाली झालेला निर्णय कायद्याच्या मापात बसतो का ते पाहणे. एकदा फेटाळलेला अर्ज म्हणजे कायमचे दार बंद, असेही नाही. १९७८ साली बाबू सिंग खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. आरोपपत्र दाखल झाले, साक्षीदार तपासून झाले, खटला वर्षभर हललाच नाही, ही बदललेली परिस्थितीच आहे. मात्र मागचा अर्ज कोणत्या कारणाने गेला आणि आता नवीन काय, हे सांगावे लागते. मागच्या हुकुमात कारणच नसेल तर काय सांगणार?

शिडी अशी सर्वांसाठी उभी आहे. चढतो कोण, ते पाहा.

अर्णब गोस्वामी या दूरचित्रवाणीवरच्या संपादकाला रायगड पोलिसांनी ४ नोव्हेंबर २०२० ला अटक केली. ९ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन नाकारून खालच्या कोर्टात जायला सांगितले. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सुटका केली. वरच्या पायरीवर दाद मिळायला दोन दिवस. २७ नोव्हेंबरच्या सविस्तर निकालात न्यायालयाने म्हटले की स्वातंत्र्य एका दिवसासाठी हिरावले गेले तरी तो एक दिवस जास्तच आहे, आणि फिर्यादीत वरवर पाहता गुन्हा दिसतो का हे तपासण्याची जबाबदारी उच्च न्यायालयाला टाळता येत नाही. त्या माणसाबद्दल कुणाचे मत काहीही असो, निकालातले तत्त्व चोख आहे. आमचे म्हणणे एवढेच, की हे तत्त्व आष्टी-पाटोद्याच्या माणसालाही त्याच वेगाने लागू व्हावे.

दुसरे उदाहरण उलट टोकाचे. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजित शर्मा यांना डिसेंबर २००३ मध्ये मोक्काखाली अटक झाली. खाली जामीन मिळाला नाही, उच्च न्यायालयात मिळाला नाही, एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. मोक्का हा १९९९ चा कायदा. त्यात जामिनाची अट फार कडक : आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, असे कोर्टाला वाटले पाहिजे. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, या अटीचा अर्थ इतका ताणू नका की निर्दोष ठरल्याशिवाय जामीनच मिळू नये. ज्याने आयुष्यभर पोलिसांची डायरी वाचली आणि ज्याच्यासाठी दिल्लीत नामांकित वकील उभे राहू शकत होते, त्याला या पायऱ्या चढायला सोळा महिने लागले. आपल्याकडच्या सालगड्याने किती महिने धरावेत?

म्हणून तुरुंगात बसलेले बहुतेक लोक शिक्षा झालेले नसतातच. केंद्र सरकारच्याच २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतले तीन. इंडिया आणि भारत यांच्यातली भिंत बाजार समितीत दिसते तशीच ती तुरुंगाच्या दारातही दिसते.

कोर्टाचा महिना आणि रानातला महिना

आता वेळेचा हिशेब. धरा, रोहिणी संपताना, जूनच्या पहिल्या आठवड्यात अटक झाली. पीसीआर झाला, एमसीआर झाला, अर्ज झाला, पोलिसांचे म्हणणे यायला दोन तारखा गेल्या. मृग बरसला तेव्हा हुकूम झाला, नामंजूर. सत्र न्यायालयात पुन्हा नकला, पुन्हा म्हणणे, पुन्हा तारीख. आर्द्रा गेली. खंडपीठाचा वकील गाठेपर्यंत पुनर्वसू. तिथे अर्ज बोर्डावर यायला आणखी काही आठवडे. सुटका होते तेव्हा पोळ्याचे दिवस.

मृगाच्या वाफशावर टोबायची सरकी पोळ्याला टोबता येत नाही. कोरडवाहू कपाशीचा एक पंधरवडा चुकला की वेचणीला बोंडे किती राहतील, ते तुम्हाला मी सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात आत गेला तर रब्बी ज्वारी गेली, म्हणजे वर्षाची भाकरी गेली आणि बैलाचा कडबाही गेला. चार वर्षांनी खटल्याचा निकाल लागतो : सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता. गेलेला हंगाम परत देण्याचा अधिकार मात्र कोणत्याही कोर्टाला नाही. पगारदार आत गेला तर त्याचा महिना जातो, शेतकरी आत गेला तर त्याचे वर्ष जाते.

वेळेचे बंधन घातलेलेच नाही असे नाही. २०२२ च्या अंतिल निकालात जामिनाचा अर्ज दोन आठवड्यांत आणि अटकपूर्व जामिनाचा सहा आठवड्यांत निकाली काढावा असे सांगितले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातलेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर गेले. २०१९ साली उच्च न्यायालयात केलेले अटकपूर्व जामिनाचे अर्ज २०२५ साली फेटाळले गेले होते. सहा वर्षे! अर्जदारांना तिथेही जामीन मिळाला नाही, पण न्यायालयाने देशातल्या सगळ्या कोर्टांना बजावले की असे अर्ज शक्यतो दोन महिन्यांत निकाली काढा. दोन आठवड्यांचे तीन वर्षांत दोन महिने झाले. निदान ते तरी पाळा, एवढेच म्हणायचे आता उरले आहे.

मिळालेला जामीनही अडतो

समजा मिळाला. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. जामीनदाराचा सातबारा बघतात. आपल्या गावात बोजा नसलेला सातबारा शोधून दाखवा! बँकेचे, सोसायटीचे कर्ज 'इतर हक्कात' चढलेले असते आणि ऐपत कमी धरली जाते. ज्या सरकारी धोरणाने शेतकरी कर्जात बुडवला, तेच कर्ज त्याच्या सुटकेच्या आड येते.

१९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. जामीन मंजूर झाला, पण मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्यायालयाने ही अट उडवून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावले. म्हणजे वरच्या कोर्टात केवळ जामिनाचा नकारच तपासता येतो असे नाही, न झेपणारी अटही तपासता येते.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. 'दर रविवारी ठाण्यात हजेरी' ही अट घातली जाते आणि दसरा झाला की तो माणूस कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातो. गेला नाही तर उचल फिटत नाही, गेला तर हजेरी चुकते. हजेरी चुकली, तारीख चुकली की वॉरंट निघते आणि मग सरकार म्हणते, बघा, हा फरारच होणार होता. अट घालतानाच कोर्टाला सांगा की हा माणूस तोडणीला जाणारा आहे. सांगायचे राहिले तर अट बदलून घेण्याचा अर्ज करा.

मग गुंड सुटतील त्याचे काय?

हा प्रश्न बीड जिल्ह्यात कुणी विचारला तर तो झटकून टाकता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. मोक्का लागला. एका प्रमुख आरोपीचा जामीन अर्ज २०२५ मध्ये आधी बीडच्या विशेष न्यायालयाने आणि नंतर खंडपीठाने फेटाळला. त्या वेळी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. त्यांची भीती खोटी नव्हती.

आम्ही जामीन सगळ्यांना वाटा असे म्हणतच नाही. ज्याच्या सुटण्याने साक्षीदार गाव सोडून जातील, त्याला नाकाराच. पण तसे कागदावर लिहा. ज्या मापाने साधा माणूस सुटतो, त्याच मापाने दांडगा अडतो. माप लिहिलेले नसले की दोघांचाही निकाल हुकूम देणाऱ्याच्या मर्जीवर राहतो, आणि मर्जी कुणाकडे झुकते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो आहोत.

लखीमपूर खिरी आठवा. ३ ऑक्टोबर २०२१ ला आंदोलक शेतकऱ्यांवर गाडी घातली गेली. चार शेतकरी आणि एक पत्रकार चिरडले गेले. आरोपी केंद्रीय राज्यमंत्र्यांचा मुलगा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. मेलेल्या शेतकऱ्यांच्या घरचे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०२२ ला तो जामीन रद्द झाला. कारण काय? पीडितांचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले नाही आणि जामिनाच्या वेळी ज्याचा विचार करायचा नाही त्याचा केला गेला. पुढे त्याला अटी घालून जामीन मिळाला, ती वेगळी गोष्ट. पण शेतकऱ्यांच्या घरच्यांना दिल्लीच्या कोर्टात ऐकले गेले ते उच्च न्यायालयाच्या हुकुमात कारणे लिहिलेली होती म्हणून. कारण लिहिलेले असले की त्यातली चूक दाखवता येते, मग दाखवणारा आरोपी असो की फिर्यादी.

बैठकीपुढे ठेवायच्या गोष्टी

सरकारकडे आणि न्यायसंस्थेकडे मागणी एका वाक्याची : जामीन नाकारायचा असेल तर कारणे लिहून, ठरल्या मुदतीत आणि त्याच दिवशी नक्कल हातात देऊन नाकारा. कृपा नको, हक्काचे कारण हवे.

बाकीचे आपल्या हातात आहे.

पहिले, प्रत्येक तालुक्यात आंदोलनाआधी एका वकिलाशी बोलून ठेवा आणि फिर्याद, रिमांडचे हुकूम, जामिनाचा अर्ज, सरकारी म्हणणे, फेटाळल्याचा हुकूम या सगळ्यांच्या नकला एका फायलीत ठेवा. वर जाताना अर्धे दिवस नकला गोळा करण्यातच जातात.

दुसरे, दिवस मोजा. आरोपपत्र ६० दिवसांत, आणि दहा वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण आरोपपत्र येण्याआधी अर्ज केला पाहिजे. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे सुटकेचा विचार व्हावा लागतो. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा असला, किंवा दुसरेही खटले चालू असले, तर ही सवलत नाही.

तिसरे, वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी आत राहू नये. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो. बीडच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्यांत समित्या आहेत, खंडपीठातही समिती आहे. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाला कळवायचे असते आणि महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकते. सर्वोच्च न्यायालयाचे हे आदेश ३१ जानेवारी २०२३ चे आहेत. अधीक्षकाला त्याची आठवण करून द्यायला आपला माणूस जायला हवा.

चौथे आणि शेवटचे, आत गेलेल्याचे रान पडीक राहू देऊ नका. गावाने एक दिवस औत घेऊन जावे. कोर्टाची शिडी चढायला वेळ लागेल, पैसा लागेल. पण वाफसा असताना त्याच्या रानात सरकी टोबून यायला कोणत्याही कोर्टाचा हुकूम लागत नाही. सुटून आलेल्या माणसाला बांधावर उभे राहून हिरवे रान दिसले, तर पुढच्या आंदोलनात तो पुन्हा पहिल्या रांगेत असेल.